ज्वारीची भाकर थापणाऱ्यांना 'जुवारी' सोबा लगेच कळेल, पण तो उपवासाला चालतो का?

जपानमधल्या सोबा हॉटेलांचे रील्स तुमच्याही फीडमध्ये येत असतील. बांबूच्या जाळीवर करड्या रंगाचे थंड नूडल्स, शेजारी वाटीत काळसर रस्सा आणि समोरचा माणूस सुर्रकन आवाज करत ते ओढतोय. खाली कमेंटमध्ये कुणीतरी हमखास लिहितं, "अरे हे तर कुट्टूच्या पिठाचे, उपवासाला चालतील."

आता यवतमाळच्या दत्त चौकात काही सोबा मिळत नाही. पण समजा, नोकरीसाठी टोकियोला गेलेल्या मुलानं यवतमाळहून आलेल्या आईबाबांना दुपारच्या जेवणाला अशा हॉटेलात नेलं. आई माळकरी. तर ही एक कमेंट चांगलीच महागात पडू शकते. कशी, ते बघू.

सोबा म्हणजे कुट्टू, इथपर्यंत कमेंट बरोबर आहे. आपल्याकडे तो हिमालयाच्या पट्ट्यात पिकतो, म्हणून उत्तरेत नवरात्रात कुट्टूच्या पुऱ्या होतात आणि आपण साबुदाणा, भगर, राजगिऱ्यावर भागवतो. कुट्टू हे गहू-ज्वारीसारखं गवतवर्गातलं धान्य नाही. त्याचं कुळ आपल्या आंबट चुक्याचं. भाजीवाल्याकडची चुक्याची जुडी आणि टोकियोतली नूडल्सची ताटली, दोघं नातेवाईक निघाले!

आता खरी मेख पिठात आहे. गव्हाच्या पिठात ग्लुटेन असतं, त्यामुळे कणीक ताणली जाते आणि उन्हाळ्यात बाजेवर शेवया वाळत घालता येतात. कुट्टूत ग्लुटेन नसतं, ज्वारीतही नसतं. म्हणूनच भाकरीचं पीठ उकळत्या पाण्यात भिजवतात. गरम पाण्यानं पिठातला स्टार्च चिकट होतो आणि भाकर थापता येते. तरी कडा फाटतातच, हे घरातल्या कुठल्याही बाईला विचारा. आता त्याच ज्वारीच्या पिठाचे दोन मिलिमीटरपेक्षा बारीक, लांब, न तुटणारे नूडल्स करायला सांगितले तर? सोबा करणाऱ्यापुढे रोज हाच प्रश्न असतो.

यावर जपानी लोकांचा जुना उपाय म्हणजे 'नि-हाची', दोनास आठ. आठ भाग कुट्टू, दोन भाग गहू. गव्हामुळे पीठ एकत्र धरून राहतं. शंभर टक्के कुट्टूचा असेल तर त्याला म्हणतात 'जुवारी', म्हणजे दहापैकी दहा भाग. आपल्या ज्वारीशी या शब्दाचा काही संबंध नाही, पण अडचण मात्र अगदी तीच. काही कारागीर यासाठी गरम पाण्यातच पीठ मळतात, तर काही थंड पाणी थोडंथोडं घालत बोटांनी ते पिठाच्या कणाकणात मुरवतात. मग लाटायचं, घड्या घालायच्या आणि रुंद पात्याच्या जड सुरीनं एकसारखं कापायचं.

नूडल्सच्या रूपातल्या सोबाची जुनी नोंद १५७४ सालची, नागानो भागातल्या एका बौद्ध मंदिराच्या कागदपत्रांत सापडते. त्याआधी लोक कुट्टूचं पीठ गरम पाण्यात घोटून उकडीसारखं खायचे. पुढे एदो, म्हणजे आजच्या टोकियोत, रस्त्यावरच्या गाड्यांवर सोबा १६ मोन या नाण्यांना मिळू लागला. एदोत पांढरा सडलेला तांदूळ खाणाऱ्यांना ब जीवनसत्त्वाअभावी बेरीबेरी व्हायचा. सोबा खाल्ल्यानं बरं वाटतं, हे तिथल्या लोकांच्या लक्षात आलं होतं. जीवनसत्त्वाचा शोध लागायच्या कितीतरी आधी.

टोकियोतलं साराशिना होरी हे घराणं १७८९ पासून सोबा विकतंय, कांदा याबु सोबा १८८० पासून. कांदा याबूची जुनी लाकडी वास्तू २०१३ मध्ये आगीत सापडली, पण पुढच्याच वर्षी हॉटेल पुन्हा उघडलं. अशा हॉटेलात दुपारी जरा लवकर गेलेलं बरं. बऱ्याच ठिकाणी त्या दिवसाचे नूडल्स संपले की दुकान बंद. ताजं दळलेलं, ताजं मळलेलं, ताजं उकडलेलं, असा तिथला नियमच आहे.

थंड सोबाला 'मोरी' किंवा 'झारू' म्हणतात, गरम रश्शातल्याला 'काके'. थंड घेतला तर थोडे नूडल्स उचलायचे, टोक रश्शात बुडवायचं आणि सुर्रकन ओढायचं. आवाज केला तर कुणी वाईट मानत नाही, त्यामुळे कुट्टूचा वास नाकापर्यंत पोचतो असं ते सांगतात. शेवटी एका भांड्यात 'सोबायु' येतो, नूडल्स उकडलेलं पाणी. उरलेल्या रश्शात ओतून ते पितात. पुरणाची डाळ शिजवलेल्या पाण्याची कटाची आमटी करणाऱ्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

घोळ आहे तो या रश्शात. सोया सॉस, मिरिन नावाची गोड तांदळाची दारू आणि 'दाशी' यांचा तो बनतो. दाशी म्हणजे बहुतेक वेळा कात्सुओबुशी, धुरी देऊन लाकडासारखा टणक वाळवलेला बोनिटो मासा, त्याचे पापुद्रे उकळून काढलेला अर्क. रश्शात मासा डोळ्यांना दिसत नाही. "व्हेजिटेरियन आहे" एवढंच सांगितलं तर वेटर वरचं मांस काढून देतो आणि दाशी तशीच राहते. यात फसवाफसवी नसते, दाशी म्हणजे मासे असं त्याच्या डोक्यातच येत नाही. म्हणून नेमकं विचारावं लागतं: "दाशी नि साकाना गा हाइत्ते इमासु का?" दाशीत मासा आहे का?

म्हणजे नि-हाचीत गहू, रश्शात मासा आणि दारू. उपवासाचा विषय इथेच संपला. ग्लुटेन टाळणाऱ्यांनीही 'कुट्टू आहे' एवढ्यावर जाऊ नये. जुवारी घेतला तरी सोया सॉसमध्ये साधारणपणे गहू असतोच. आणखी एक, काहींना कुट्टूचीच तीव्र ॲलर्जी असते, श्वास अडकण्याइतकी. जपानमध्ये पाकिटावर जे ॲलर्जीचे पदार्थ छापणं सक्तीचं आहे, त्यात सोबा आहे. एकाच भांड्यात उदोन आणि सोबा उकडणारी हॉटेलं असतात, त्यामुळे अशा माणसानं तिथं गव्हाचे उदोन मागवूनही धोका टळत नाही.

मग त्या माळकरी आईनं काय खायचं? भाज्यांचा तेम्पुरा सुचवला जातो, पण कोळंबी बऱ्याचदा त्याच तेलात तळलेली असते. त्यापेक्षा थंड मोरी मागवावा, रश्शाची वाटी बाजूला सारावी आणि नूडल्सवर मीठ किंवा साधा सोया सॉस, चिरलेली कांद्याची पात, थोडा वासाबी घ्यावा. कांदाही चालत नसेल तर नुसतं मीठ. चांगल्या जुवारीची चव मिठासोबत जास्त कळते, असं म्हणणारे सोबाचे शौकीन जपानमध्येही आहेत. सोबायु मात्र वेगळ्या रिकाम्या वाटीत मागून घ्यायचा.