माळ्यावरचे ऊन आणि भाड्याचे घर

चैत्रातील आयंबिल ओळीचे नऊ दिवस आणि पुण्यातील उन्हाचा चढता पारा बहुधा एकाच सुमारास येतात. रविवार पेठ, भवानी पेठ, नाना पेठ या भागांत खाली दुकान, मध्ये माल आणि सर्वांत वर पत्र्याखाली बिऱ्हाड अशी घरे अजूनही आहेत. दुपारी तेथे शेगडीची धग समोरून आणि पत्र्याची धग वरून येते. शिवाजीनगरच्या वेधशाळेत ३० एप्रिल १८९७ रोजी ४३.३ अंश आणि २८ एप्रिल २०१९ रोजी ४३ अंश तापमानाची नोंद झाली. ही मोजणी सावलीतील हवेची असते. उन्हातला पत्रा त्याहून कितीतरी अधिक तापतो.

जुन्या वाड्यांत ही अडचण एवढी नव्हती. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाई, त्याखाली माळ्याची पोकळी असे आणि तिच्याखाली लाकडी तक्तपोशी. हाच त्या काळचा उष्णतारोधक थर होता. पुढे कौले फुटली, त्यांच्या जागी पत्रे आले. तक्तपोशीला वाळवी लागली, ती काढली गेली. परंतु तिच्या जागी दुसरे काही आले नाही.

उपाय मात्र अवघड नाही. पोलादातून उष्णता ज्या सहजतेने वाहते, तिच्या हजाराव्या भागाहूनही कमी सहजतेने ती काचतंतूंच्या गादीतून, म्हणजे ग्लासवूलमधून वाहते; कारण त्या तंतूंत हवा कोंडलेली असते. ब्रिटनमध्ये थंडीसाठी माळ्यावर २७० मिलिमीटर जाडीचा असा थर घालण्याची शिफारस आहे. इंग्लंडमध्ये तर एप्रिल २०१८ पासून ठरावीक ऊर्जाश्रेणीखालचे घर नव्या भाडेकरूस देण्यावर निर्बंध आले. आपल्याकडे जुन्या भाड्याच्या घरांवर असे बंधन नाही. म्हणून खरा प्रश्न उरतो तो हा : खर्च कोणी करावयाचा, आणि केलेला खर्च कोणाचा?

मालक म्हणतो, भाडे जुन्या काळचे. त्यात छताला काय लावणार? भाडेकरू म्हणतो, आज पैसे घातले आणि उद्या घर सोडावे लागले तर? दोघांचेही म्हणणे खोटे नाही. कायदा काय सांगतो, हे पाहिले तर निम्मा वाद मिटतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, उलट करार नसल्यास, घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्याने ती टाळली, तर किमान १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूला स्वतः दुरुस्ती करता येते व खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. समजा भाडे महिना ४,००० रुपये आहे. तर वर्षाचे ४८,००० आणि वळतीची मर्यादा १२,००० रुपये. येथे भेद ध्यानात ठेवावा. गंजून गळणारा पत्रा बदलणे ही दुरुस्ती. त्याखाली उष्णतारोधक थर घालणे ही सुधारणा. दुसरीचा खर्च परस्पर भाड्यातून कापू नये.

लेखी परवानगीविना कायमचे बांधकाम करणे हे कलम १६ प्रमाणे घर खाली करवून घेण्याचे कारण ठरू शकते. तथापि, आवश्यक तेथे महापालिकेची परवानगी घेऊन केलेले फॉल्स सीलिंग त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात कायमचे बांधकाम मानलेले नाही. तरीही मालकाची लेखी संमती घ्यावीच. थराचे सामान कोणाचे, घर सोडताना ते काढून न्यायचे की ठेवायचे, ठेवल्यास किती रक्कम परत, या तीन ओळी कागदावर असाव्यात. लिव्ह अँड लायसन्सने राहणाऱ्यांनी तर करारातच त्या लिहून घ्याव्यात. तो करार लेखी व नोंदणीकृत असणे कलम ५५ नुसार बंधनकारक आहे.

कामाचा क्रमही महत्त्वाचा. आधी माळा रिकामा करावा. वर्षानुवर्षे न उघडलेल्या पेट्या व रद्दी याच निमित्ताने बाहेर निघते. मग जीवांची पाहणी करावी. कबुतराचे घरटे अंड्यांसह असेल, तर पिल्ले उडून जाईपर्यंत थांबावे. माळा बंद करून त्यांना आत कोंडणे आपल्याला शोभणारे नाही. हवेचे झरोके बुजवू नयेत, त्यांना बारीक जाळी बसवावी. गवत किंवा गोणपाट भरू नये. त्यात वाळवी व किडे होतात आणि पुढे औषध मारण्याचा प्रसंग येतो. थर्मोकोल आग लवकर पकडते, म्हणून स्वयंपाकघरावर ते टाळावे. रॉकवूल जळत नाही. ग्लासवूल उघडे ठेवू नये, त्याचे तंतू त्वचेला व श्वासाला टोचतात. जुनी वायर थराखाली दबली तर तापते. ती वायरमनकडून आधी तपासून घ्यावी. हे सारे पावसाळ्यापूर्वी आणि गळती काढल्यानंतरच करावे. ओल्या थराचा उपयोग होत नाही.

एवढे शक्य नसेल, तर पत्र्यावर बाहेरून चुन्याचा पांढरा हात द्यावा. अहमदाबादने २०१३ साली उष्मा कृती आराखडा आखला आणि पुढे तेथील वस्त्यांत छपरे पांढरी करण्याचा उपक्रम राबवला. पावसाने चुना धुऊन जातो, म्हणून तो दर उन्हाळ्यापूर्वी द्यावा लागतो. परंतु त्याला फारसा खर्च नाही आणि करारनाम्याचीही गरज नाही, मालकाच्या कानावर घातले म्हणजे पुरे.

आपल्या अनेक कुटुंबांत एकच माणूस पेठेत भाडेकरू आणि उपनगरात मालक असतो. एका घरात जी मागणी तो करतो, तीच दुसऱ्या घरात त्याच्यापुढे येते. दोन्ही वेळा एकच हिशेब लावला, तर वरच्या मजल्यावरील वृद्धांची दुपार सुसह्य होईल आणि व्यवहारही चोख राहील.