दार की गार?

शेलू स्टेशनातून लांब पल्ल्याची गाडी दणाणत जाऊ लागली, की आमच्या शेजारच्या घरातलं बोलणं थांबतं. त्या घरातला पाच वर्षांचा नातू मात्र गाडी गेल्यावरही गोंधळलेलाच दिसे. चार माणसं बोलत असताना ‘दार लाव’ म्हटलं, तर ‘काय गार?’ असं विचारी. आजी म्हणे, हट्टी आहे. बालवाडीच्या बाई म्हणत, लक्ष नाही. मीही त्याच्यावर एकदा खेकसलो होतो, हे कबूल करायला हवं.

शेवटी त्याच्या आईबरोबर मीही वांद्रे रेक्लमेशनला, १९८३ साली स्थापन झालेल्या अली यावर जंग संस्थेत गेलो. तिथे ‘बेरा’ झाली. या तपासणीत मुलाने काही सांगावं लागत नाही. झोपला तर उत्तमच. कपाळाला आणि कानांमागे तारा चिकटवतात, कानात टकटक ऐकवतात. निरोप मेंदूच्या बुंध्यापर्यंत दहा मिलिसेकंदांच्या आत पोचतो. पण ती लहर एका मायक्रोव्होल्टहूनही लहान! म्हणून हजारदीड हजार वेळा टकटक करून सरासरी काढायची. हयात बँकेत गेल्यामुळे मला हे चटकन उमगलं. फुटकळ जमा-नावे एकमेकांत विरतात. दर वेळी त्याच जागी येणारी नोंद तेवढी शिल्लक राहते.

अहवाल चांगला आला. आजीने देवापुढे साखर ठेवली. मग ‘गार’ कुठून आलं?

तिथल्या बाईंनी समजावलं, की निरोप पोचतो एवढंच बेरा सांगते. गलक्यातून शब्द निवडता येतो का, ते सांगत नाही. अमेरिकेत नीना क्राउस आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली लहान मुलांना माणसांच्या कलकलाटात ‘दा’ हा उच्चार ऐकवून मेंदूचा प्रतिसाद टिपला. वाचनाच्या पूर्वतयारीशी त्याचा संबंध दिसला. पण तेवढ्यावरून एखाद्या मुलावर शिक्का मारणं मला धोक्याचं वाटतं. ऐकून सांगण्याच्या नेहमीच्या चाचण्या साधारण सातव्या वर्षानंतरच भरवशाच्या. म्हणजे दोन वर्षं थांबायचं, आणि तेवढ्यात शाळेने त्याला ‘ढ’ ठरवायचं नाही, ही खरी काळजी.

सध्या तो पुढच्या बाकावर, खिडकीपासून लांब बसतो. आजी गाडी जाऊ देते, त्याच्यासमोर बसते, मग बोलते. परवा मला म्हणाली, “भाऊ, लग्नाच्या मांडवात मलाही कुणाचं काही कळत नाही हो. माझ्यावरच गेलाय वाटतं!”