अमेरिकेने दार लावलं की जेटीवर कोळंबीचा दर का पडतो?



"माल ताजा, बर्फ भरपूर, मग दर कमी का?" हा प्रश्न आम्हाला जेटीवर नेहमी ऐकू येतो. दलालाकडे बोट दाखवणं सोपं आहे, पण दराचं एक टोक सातासमुद्रापार असतं. ते आज समजून घेऊया.

अमेरिकेच्या १९८९ च्या कायद्यात कलम ६०९ आहे. ट्रॉलच्या जाळ्यात कासवं मरू नयेत म्हणून त्यात कासव बाहेर सोडणारी जाळी, म्हणजे 'टेड', लागते. नाहीतर त्या देशाची समुद्रातली कोळंबी अमेरिका घेत नाही. भारताने इतर देशांसोबत जागतिक व्यापार संघटनेत याविरुद्ध दाद मागितली होती. १९९८ मध्ये निकाल लागला, पण कायदा राहिला. २०१९ पासून आपली समुद्रातली कोळंबी अमेरिकेत जात नाही. तळ्यातल्या व्हेनामीला मात्र ही अट नाही.

आता दराचं गणित बघा. समजा लिलावात पाच कंपन्या बोली लावतात. त्यातल्या दोघी अमेरिकेसाठी घेणाऱ्या. त्या उठून गेल्या की उरलेल्या तिघींना चढाओढ करायची गरज राहत नाही. माल तेवढाच, गिऱ्हाईक कमी, म्हणून दर खाली. मोठ्या आकाराच्या टायगरला हा फटका आधी बसतो, कारण ती मुख्यतः निर्यातीची. मग तीच टायगर गावच्या बाजारात स्वस्त मिळाली, तर पांढऱ्या कोळंबीला कोण जास्त पैसे देणार? असा एका जातीचा फटका दुसरीला बसतो.

व्हेनामीचंही तसंच. २७ ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेने बहुतेक भारतीय मालावर एकूण ५० टक्के जादा शुल्क लावलं होतं. असं शुल्क तळ्यातल्या मालावर लागलं तरी आपल्याला काळजी हवीच. तिकडे न गेलेली व्हेनामी जपान, चीन, युरोप किंवा आपल्याच शहरांत गिऱ्हाईक शोधते, म्हणजे आपली समुद्रातली कोळंबी जिथे विकते तिथेच.

बांगडा, तारली यांचं गिऱ्हाईक वेगळं, त्यामुळे त्यांना याची थेट झळ लागत नाही. पण कोळंबी परवडत नाही म्हणून सगळ्या बोटी माकूल-माणकीच्या मागे लागल्या, तर तिथे आवक वाढून तोही दर उतरतो.

प्रत्येक बंदीने दर पडतोच असं नाही. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा गिऱ्हाईक तेवढंच, माल कमी. म्हणून खाडीची मासळी आणि सुकी मासळी दोन्ही चढतात. थोडक्यात, बंदीने गिऱ्हाईक घटलं की दर उतरतो, माल घटला की चढतो. बातमी आली की आधी हेच विचारा, घटणार काय?

मग आपण काय करायचं?

१. टेडला नाव ठेवण्याआधी ते बघून घ्या. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या जाळ्यांसाठी ते बनवलं आहे. कोळंबी गजांमधून आत जाते, कासव वरच्या किंवा खालच्या झडपेतून बाहेर. मदतीबद्दल मत्स्य खात्यात चौकशी करा.

२. एकट्याने टेड लावून बाजार उघडत नाही, कारण मान्यता देशाला मिळते. म्हणून सगळ्या बोटींनी मिळून लावलं तरच उपयोग. मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे कासवं अंडी घालतात, म्हणजे हा प्रश्न आपल्या दारातलाच आहे.

३. काउंटप्रमाणे माल वेगळा करा, आणि लिलावाआधी दोन-तीन जेटींचा दर फोनवर विचारा.

४. सगळ्यांनी एकाच मासळीच्या मागे धावू नका.

आपल्या जेटीवर या हंगामात कुठल्या काउंटला काय दर मिळतोय ते खाली लिहा. सगळ्यांचे दर एकत्र दिसले तर बोली लावणाऱ्यासमोर आपण रिकाम्या हाताने उभे राहणार नाही.