उकळी येऊ न देता

रात्री साडेआठच्या सुमारास ओव्हन ८० अंश सेल्सिअसवर लावायचा. काचेच्या पसरट भांड्यात लिटरभर डबल क्रीम ओतायचं, तीन बोटांपेक्षा जास्त उंची नको. भांडं उघडंच आत सरकवायचं आणि झोपायला जायचं. बारा तासांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की आधी वास येतो. लोणी कढवताना बेरी लाल व्हायच्या जरा आधी घरभर पसरतो तसा, पण त्याहून सौम्य. ओव्हनचं दार उघडलं की दिसते ती साय. कडेला गडद, मध्ये फिकट पिवळी, बारीक बुडबुडे फुटून वाळल्यामुळे खडबडीत आणि जागोजागी सुरकुतलेली. ही झाली क्लॉटेड क्रीम. म्हणजे अजून अर्धीच झाली, कारण आता ती तितकाच वेळ थंड व्हायची आहे आणि तोवर तिला धक्कासुद्धा लागता कामा नये.

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला डेव्हन आणि कॉर्नवॉल हे दोन परगणे लागून आहेत. मधून टेमर नदी वाहते. त्या नदीच्या मुखाशी, डेव्हनच्या बाजूला असलेल्या प्लिमथमध्ये मी काही वर्षं राहिले. क्लॉटेड क्रीम पहिल्यांदा तिथेच खाल्ली आणि मनाशी म्हटलं, ही तर साय. आमच्या घरी रोज म्हशीचं दूध तापायचं, निवलं की फ्रीजमध्ये जायचं आणि सकाळी त्यावरची जाड साय आई सुरीने कड सोडवून अख्खीच्या अख्खी उचलायची. आठवड्याची साय साठली की विरजण, मग ताक, लोणी, तूप. साय म्हणजे काय हे मला कोणी शिकवायची गरज नाही, असं मी धरून चालले होते.

तो समज एका जुन्या पाककृतीने मोडला. इझाबेला बीटन यांचं घर चालवण्याविषयीचं जाडजूड पुस्तक १८६१ साली लंडनमध्ये निघालं. त्यात डेव्हनशायर क्रीमची, म्हणजे क्लॉटेड क्रीमचीच, कृती आहे. दूध हिवाळ्यात चोवीस तास आणि उन्हाळ्यात त्याच्या निम्मा वेळ नुसतं ठेवा, मग मंद आचेवर चांगलं गरम होऊ द्या, आच जितकी धीमी तितकं उत्तम, असं त्या सांगतात. आणि बजावतात की दूध उकळू देऊ नका, उकळलं तर वर जाड पापुद्रा धरेल. तो पापुद्रा म्हणजे आपली साय! आपल्याकडे ज्यासाठी गृहिणी दूध पुन्हा तापवते, तेच त्यांच्या लेखी बिघाडाचं लक्षण. मी ज्या दोन गोष्टी एकच समजत होते, त्या दिसायला बहिणी असल्या तरी त्यांचा जन्म वेगळा आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

आपली साय उष्णतेने धरते. दूध उकळीला आलं की पृष्ठभागावरचं पाणी उडून जातं, तिथली प्रथिनं एकमेकांना धरून जाळं विणतात आणि त्या जाळ्यात स्निग्धांश अडकतो. निवताना आणखी स्निग्धांश वर येऊन खालून चिकटतो. म्हणून ती चिवट असते, बोटाने उचलली तर रुमालासारखी लोंबते. क्लॉटेड क्रीमची सुरुवात मात्र आगीच्या कितीतरी आधी होते. निरसं दूध पसरट भांड्यात स्थिर ठेवलं की स्निग्धांशाचे कण, पाण्यापेक्षा हलके म्हणून, आपोआप वर चढतात. एका कणाचा व्यास मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढा, त्यामुळे चढायला वेळ लागतो. गाईच्या दुधात असं एक प्रथिन असतं की गारव्यात ते या कणांचे पुंजके बांधतं आणि पुंजके एकट्या कणापेक्षा भराभर वर येतात. असा वरती पिवळसर जाड थर जमला की मगच भांडं आचेवर जातं. ८० ते ९० अंशांच्या दरम्यान दुधातली काही प्रथिनं उलगडून घट्ट होतात, थराला बांधून ठेवतात, पाणी हळूहळू उडतं आणि वरच्या कवचाला तो शिजलेला, बदामाची आठवण करून देणारा स्वाद येतो. पुढे निवताना स्निग्धांश गोठतो आणि सगळं बसतं. चिवटपणा कुठेच नाही. चमचा घातला की कवच किंचित मोडतं आणि खालचा गोळा लोण्यासारखा, पण लोण्यापेक्षा मऊ, सुटून येतो.

डेव्हन-कॉर्नवॉलच्या शेतघरातल्या बायकांकडे तापमापक नव्हता, तरी आच कधी काढायची ते त्यांना बिनचूक कळायचं. भांड्याच्या बुडाएवढं एक कडं पृष्ठभागावर उमटतं. भांड्याचं तोंड रुंद आणि बूड लहान. आच बुडाला लागते, ऊन दूध मधून वर चढतं आणि जिथवर त्याची हद्द, तिथवर थर हलकाच उचलला जाऊन गोल रेघ दिसते. मी हे ओव्हन सोडून गॅसवर करून पाहिलं. तासभर काहीच घडत नाही, नुसती वाफ. मग थराला सुरकुत्या पडू लागतात आणि एका क्षणी, पाण्यात खडा टाकल्यावर उमटावं तसं पण जागच्या जागी थांबलेलं, ते कडं डोळ्यांसमोर येतं. तेव्हा गॅस बंद करायचा. त्यानंतर पाचच मिनिटं रेंगाळलं तर मधूनच बुडबुडा फुटतो आणि दिवसभराची शांतता मोडते. ओव्हनमध्ये सोय आहे, पण हे कडं ओव्हन दाखवत नाही. ज्याला हे काम खरोखर समजून घ्यायचं आहे त्याने एकदा तरी शेगडीवर करावं, असं माझं मत आहे.

हे तंत्र डेव्हन-कॉर्नवॉलमध्येच का रुजलं? पाऊस भरपूर, थंडी सौम्य, म्हणून गवत जवळपास वर्षभर हिरवं. जर्सी आणि गर्न्सी जातीच्या गाईंच्या दुधात स्निग्धांश पाच टक्क्यांच्या आसपास, आणि हिरव्या गवतातलं कॅरोटीन त्यात उतरतं म्हणून रंग पिवळा. दुसरं कारण अंतराचं. लंडन लांब आणि दूध नाशवंत. टेमरवरचा इंजिनिअर ब्रुनेलचा रेल्वे पूल झाला तो १८५९ साली. त्याआधी कॉर्नवॉलचं दूध राजधानीपर्यंत पोचायचं कसं? पण मंद आचेवर शिजवलेली आणि पाणी उडालेली साय ताज्या दुधाच्या मानाने पुष्कळ टिकते. पुढे हीच साय हाताने फेटून लोणीही काढत, रवीची गरज पडत नसे. खाली उरलेलं पातळ दूध वासरांना आणि डुकरांना जाई. त्या दुधाकडे पुन्हा यायचं आहे.

नावाचा उगम जुन्या इंग्रजीत आहे. ‘क्लाउट’ म्हणजे ठिगळ. थंड झालेली साय उचलताना ठिगळांसारखी निघते, म्हणून आधी ‘क्लाउटेड क्रीम’ म्हणत. एडमंड स्पेन्सर या कवीच्या १५७९ सालच्या ‘शेफर्ड्स कॅलेंडर’मध्ये हा शब्द येतो, म्हणजे वस्तू निदान तेवढी जुनी आहेच. कथिलाच्या व्यापारासाठी कॉर्नवॉलला आलेल्या फिनिशियन लोकांनी ही विद्या आणली, असंही तिथे हौसेने सांगतात. त्याला पुरावा नाही. तुर्कस्तानात कायमाक आहे, इराणात सरशीर आहे, इराकात म्हशीच्या दुधाचं गेमर आहे, आणि सगळ्यांच्या मुळाशी तेच दाट दूध, तीच धीमी आच. जिथे दुभतं जनावर आणि राखेखालचा विस्तव आहे तिथे कोणाच्या तरी लक्षात हे येणारच. ते कोणी जहाजातून आणावं लागत नाही.

आपल्याकडच्या चुलीला वैल असायचा. मुख्य जाळावर भाकरी, आणि शेजारच्या वैलावर तिथवर पोचणाऱ्या धगीत दूध. डेव्हनमधल्या शेतघराच्या कोपऱ्यात निखाऱ्यांवर ठेवलेल्या पितळी पसरट भांड्याचं वर्णन वाचताना मला हा वैल दिसतो. फरक एवढाच की वैलावरचं दूध आपण शेवटी उकळतोच.

कॉर्नवॉलमध्ये रेडरूथजवळ स्कॉरियर नावाचं गाव आहे. तिथे १८९० साली एलायझा जेन रॉडा यांनी आपल्या शेतघराच्या स्वयंपाकघरात क्लॉटेड क्रीम करायला सुरुवात केली. त्या घरातूनच पुढे ‘रॉडाज’ हा कारखाना उभा राहिला. आज क्लॉटेड क्रीमचा ब्रिटनमधला सर्वांत मोठा उत्पादक तोच. दुसऱ्या महायुद्धात क्रीम विकायला सरकारने मनाई केली होती, कारण दूध आधी मुलांच्या आणि रुग्णांच्या पेल्यात जायला हवं होतं. त्या काळातूनही हा धंदा तरला. ‘कॉर्निश क्लॉटेड क्रीम’ला १९९८ साली युरोपीय संघाचं उगमस्थानाचं संरक्षण मिळालं. नियम असा की दूध कॉर्नवॉलमधलंच हवं आणि स्निग्धांश किमान ५५ टक्के. प्रत्यक्षात तो ६४ टक्क्यांच्या घरात असतो. लोण्यात ८० असतो, यावरून अंदाज यावा. मला त्या संरक्षणात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की वरच्या सोनेरी कवचाला कोणी दोष समजत नाही. कारखान्यातही साय लहान लहान डब्यांत भरूनच भाजतात, म्हणजे प्रत्येक डब्यावर स्वतःचं कवच धरतं.

खाण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. स्कोन, जॅम, क्रीम आणि चहा. डेव्हनवाले आधी क्रीम लावतात आणि वर जॅम, कॉर्नवॉलवाले उलट. मला डेव्हनची रीत पटते, कारण लोण्याच्या जागी क्रीम आहे आणि लोणी पावावर आधीच लागतं. पण स्कोनच्या आधीपासून तिथे ‘स्प्लिट’ नावाचे मऊ, यीस्टने फुगवलेले छोटे पाव खात, आणि जॅमच्या जागी काळी काकवी ओतली तर त्या जोडीला ‘थंडर अँड लाइटनिंग’ म्हणत, म्हणजे मेघगर्जना आणि वीज. कोल्हापूरकडच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. काकवी आणि साय ताटात एकत्र आलेली त्याने लहानपणी पाहिलेली असते.

घरी करताना माझ्या हातून दोन चुका झाल्या. पहिल्यांदा मी दुकानातून खूप दिवस टिकणारं क्रीम आणलं. बारा तासांनी वर कागदाएवढी साल आणि खाली होतं तसंच पातळ क्रीम. अशा क्रीमला आधीच अतिउष्णता देऊन प्रथिनं बदलून टाकलेली असतात, आणि बरेचदा यंत्रात दाबून स्निग्धांशाचे कण इतके बारीक केलेले असतात की ते वर चढायचं विसरतात. साधं पाश्चराइज केलेलं, ४८ टक्के स्निग्धांशाचं डबल क्रीमच लागतं. दुसऱ्यांदा सगळं नीट जमलं, आणि ऊन भांडं फ्रीजकडे नेताना ते जरा कललं. कवच एका कडेला तडकलं, खालचं पातळ दूध वर आलं आणि सगळा थर भिजला. शेजारच्या आजींनी ते पाहून विचारलं, एवढी घाई कशाला केलीस? त्या स्वतः भांडं ओव्हन बंद करून तिथेच निवू देत आणि दुपारनंतर हात लावत. तेव्हापासून मीही तसंच करते.

गेल्या खेपेला सांगलीला आईकडे गेले तेव्हा म्हशीच्या दुधावर हे करायचं ठरवलं. आपल्याकडचं पिशवीतलं फ्रेश क्रीम २५ टक्क्यांचं, त्याने भागत नाही. गवळ्याकडून चार लिटर निरसं दूध घेतलं, पसरट पातेल्यात ओतलं आणि तसंच फ्रीजमध्ये ठेवलं. आई अस्वस्थ. न तापवता दूध रात्रभर ठेवायचं, हे तिच्या पन्नास वर्षांच्या हाताला मान्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पातेलं तव्यावर, तवा लहान आचेवर. आई दर पाच मिनिटांनी येऊन बघायची आणि गॅस मोठा करायला तिचा हात पुढे व्हायचा. दीड तासाने कडं उमटलं. ते तिने माझ्या आधी पाहिलं. “हे बघ, बूड वर आलं,” म्हणाली. तिथल्या बायकांना जी खूण पाठ होती, तिला आईने पहिल्याच फटक्यात नाव दिलं.

सकाळी झाऱ्याने काढली ती साय पांढरीशुभ्र होती. म्हैस कॅरोटीनचं जीवनसत्त्व अ करून टाकते, त्यामुळे तिच्या दुधाला पिवळा रंग येत नाही. चवीला मात्र ती प्लिमथच्या सायीपेक्षा भरीव निघाली. चार लिटरांतून पाव किलोच्या वर मिळाली. आईने चाखली, मान हलवली आणि पातेल्यात वाकून पाहिलं. खाली तीन लिटरांहून जास्त पातळ दूध होतं. तिथे हे डुकरांना घालत, असं मी सांगितलं. ती काही बोलली नाही. थोडं दूध तिने विरजायला बाजूला काढलं, थोडं चहाला ठेवलं, आणि उरलेल्यातल्या दोन वाट्यांत कणीक भिजवून दशम्या केल्या. गरम दशमीवर ती पांढरी साय घातली, वर चिमूटभर साखर. साय कडेने वितळत होती आणि मध्ये कवचाचा तुकडा तसाच होता.