‘उद्याननगर’ ही संज्ञा आणि मल्लेश्वरम्

बंगळूरच्या ‘उद्याननगरी’ या बिरुदाचे मूळ एबेनेझर हॉवर्डच्या कल्पनेत शोधण्याचा मोह सहज होतो. कालक्रम मात्र त्यास अनुकूल नाही. हॉवर्डचा ग्रंथ १८९८ चा, इंग्लंडमधील लेचवर्थ नगराचा आरंभ १९०३ चा. म्हैसूर संस्थानात मल्लेश्वरम् आणि बसवनगुडी या उपनगरांची आखणी तत्पूर्वीच, १८९२ च्या सुमारास, झाली होती. १८९८ च्या प्लेगने दाट पेठेतील कुटुंबांना बाहेर लोटले आणि या आराखड्यांना वस्ती लाभली.

भेद केवळ तारखांचा नाही. हॉवर्डला अभिप्रेत होते ते स्वयंपूर्ण नगर : जमीन सामाईक मालकीची, उद्योग जवळ, भोवती शेतीचा पट्टा. मल्लेश्वरम् हे मूळ शहरावर विसंबलेले निवासी उपनगर होय. सरळ रस्ते, प्रशस्त भूखंड, घरांमागून सफाईसाठी काढलेले बोळ ही त्याची लक्षणे. भूखंडांच्या विभागणीत जातिसमूहांचाही विचार झाला. हवा मोकळी झाली, तरी पेठेची समाजरचना नव्या आराखड्यात उतरली.

मराठी अभ्यासकास येथे आणखी एक थर आढळतो. ज्या काडु मल्लेश्वराच्या देवळावरून उपनगरास नाव मिळाले, तेथील १६६९ च्या शिलालेखात शहाजीपुत्र एकोजीने देवास मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याची नोंद आहे. कन्नडात ‘काडु’ म्हणजे रान. म्हणजे वस्तीचे नाव आराखड्याहून कितीतरी जुने आहे.

यास्तव हॉवर्डची संकल्पना ती ‘उद्याननगर’ आणि बंगळूरचे बिरुद ते ‘उद्याननगरी’, असा भेद मराठीत कटाक्षाने पाळणे इष्ट ठरेल.