नजर वर करून

‘मुलीच्या जातीनं असं टक लावून बघू नये,’ हे आमच्या पिढीतल्या बहुतेक बायकांनी लहानपणीच ऐकलेलं असतं. पुढे बँकेत लागले. रोज कितीतरी माणसं काउंटरपलीकडे उभी राहायची, पण माझी नजर चेकवरच्या सहीवर. कार्डावरच्या नमुन्याशी ती जुळली की माणूस सुटला!

माझी भाची यंदा जे. जे. स्कूल ऑफ आर्टला गेली आणि पहिल्याच महिन्यात तिला सांगितलं गेलं : बाहेर पडा, माणसं बघा, रोज स्केचेस करा. घरानं अठरा वर्षं जे करू नकोस म्हटलं, तेच आता अभ्यास म्हणून करायचं. तिच्या आईच्या पोटात गोळा आला. मुलगी एकटी स्टेशनवर बसून परक्या पुरुषांकडे बघत राहणार? मावशी निवृत्तच, सोबतीला मी गेले.

स्टेशन म्हणजे व्ही. टी.; कागदोपत्री छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. कॉलेजपासून चालत जाण्याइतकं जवळ. लोकलच्या बाजूला माणूस अर्ध्या मिनिटात नाहीसा होतो, म्हणून आम्ही बाहेरगावच्या गाड्यांकडे बसलो. तिथं माणसं सामानाला टेकून तासन्‌तास असतात. भाची चेहऱ्यापासून सुरुवात करत नाही. आधी पाठीचा कणा, मग भार कुठल्या पायावर आहे ते, मग खांदे. चेहरा जमला तर शेवटी. पेन्सिल मऊ, खोडरबर नाही. रेघ चुकली तर तिच्याशेजारी दुसरी.

त्या कॉलेजचं या स्टेशनशी नातं जुनं. 1888 साली पुऱ्या झालेल्या या इमारतीच्या कोरीव कामात तिथल्या विद्यार्थ्यांचा हात होता. तिथं 1865 पासून शिकवणारे लॉकवूड किपलिंग (रुडयार्डचे वडील) यांनी 1870 साली उत्तरेत फिरून कामात गढलेल्या कारागिरांची चित्रं काढली. सुरेख आहेत. पण ते पुरुष, त्यातून साहेब. ‘काय बघतोस?’ असं त्यांना कुणी दरडावलं असेल, असं वाटत नाही.

समोरच्या खांबाला टेकून एक तरुण बराच वेळ भाचीला न्याहाळत होता. मी पर्स सावरून बसले. तिनं पान उलटलं आणि त्यालाच काढायला घेतलं. तिची नजर दोन-तीनदा वर-खाली झाली मात्र, तो चुळबुळला, केस सारखे केले आणि खांबाआड गेला.

‘मावशी, पाय अर्धाच राहिला गं त्याचा!’ ती वैतागली.

कुणी तोंड फिरवलं तर ती त्याला काढत नाही. हे मला पटतं. झोपलेल्यांचं काय, यावर मात्र आमचा वाद मिटलेला नाही.

एक म्हातारी आपण होऊन उठून आली. ‘मला काढलंस ना? दाव.’ भाचीनं वही पुढे केली. बाईंनी ती लांब धरून पाहिली.

‘माझी पाठ एवढी वाकलीय?’

भाची गप्प. मग हळूच म्हणाली, ‘हो, आजी.’

‘घरातला आरसा तोंडापुरताच हाये,’ बाई म्हणाल्या. गाडी लागल्याचं सांगत होते. वही परत देऊन त्यांनी बोचकं डोक्यावर घेतलं.