काटा सांगतो त्याहून जास्त

आदिलाबाद जिल्ह्यातलं इचोडा राष्ट्रीय महामार्ग ४४ वर आहे. भोवती कपाशी, सोयाबीन आणि तूर. घराघरांत मराठी, तेलुगू, गोंडी. इथल्या शाळांत सहावी ते दहावीत बसणारी मुलं वाढीच्या ऐन भरात असतात. मुलींची उंची बाराव्या वर्षाच्या सुमारास झपाट्याने वाढते, मुलांची चौदाव्याच्या. या वयात पोट भरलं तरी पोषण झालंच असं नाही. ते मोजूनच कळतं.

मोजण्याची रीत सोपी, पण काटेकोर. चपला काढायच्या, अंबाडा सोडायचा, टाचा भिंतीला टेकवायच्या, नजर सरळ समोर. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय मिळतो. मोठ्यांसाठीची १८.५ ही खालची मर्यादा वाढत्या मुलांना लावता येत नाही. त्यांच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे २००७ चे तक्ते आहेत, तेही वयानुसार आणि मुलगा-मुलगी वेगळे. म्हणून वय नेमकं हवं. शाळेत नाव घालताना जन्मतारीख अंदाजाने लिहिली असेल, तर निष्कर्षही चुकतो.

समजा, नुकतीच तेरा वर्षं पूर्ण झालेली एक मुलगी आहे. उंची १४० सेंटिमीटर, वजन ३० किलो. बीएमआय आला १५.३. या वयाच्या मुलींसाठी कृशतेची रेघ १४.९ वर आहे, म्हणजे ती कृश ठरत नाही. पण उंचीची खालची रेघ सुमारे १४२.५ सेंटिमीटरवर आहे आणि तिथे ती मागे पडते. वर्षानुवर्षं कमी पडलेल्या आहाराने बहुधा उंचीच खुंटते. मग कमी वजनही त्या उंचीला शोभून दिसतं. नुसता बीएमआय पाहिला तर ही मुलगी 'ठीक' म्हणून निसटते.

तिसरी तपासणी रक्ताची. बारा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींत हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला १२ ग्रॅमच्या खाली गेलं की रक्तक्षय. २०१६-१८ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातली २४ टक्के किशोरवयीन मुलं कृश आढळली, तर रक्तक्षय मुलींत ४० आणि मुलांत १८ टक्के. शाळेत आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. जेवणाबरोबरचा चहा टाळला आणि ताटात लिंबू असलं तर आहारातलं लोह अंगी जास्त लागतं. मात्र या पट्ट्यातल्या आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आजारही आढळतो. तो जन्मजात आहे, लोहाच्या गोळीने बरा होत नाही. म्हणून हिमोग्लोबिन कमी दिसलं की कारणही शोधायला हवं.

उंची, बीएमआय आणि रक्त हे तीनही आकडे एकत्र वाचले तरच मूल नीट कळतं. ते रजिस्टरात पडून राहू नयेत. पालकसभेत आईवडिलांना घरच्या भाषेत समजावून सांगावेत आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजावं. हाडांची टोकं एकदा जुळली की उंची वाढत नाही. जे द्यायचं ते त्याआधीच ताटात पडायला हवं.